जुन्या कार्डाचा गोतावळा सांभाळा

संगणक बदलायची वेळ आली, पण आतलं कार्ड बदलता येत नाही. या पेचात सापडलेल्या वाचकांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. लहान कारखान्यातलं यंत्र ज्या कार्डाच्या हुकमावर चालतं ते तीस वर्षांपूर्वीचं आहे आणि त्याचा संगणक बंद पडला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं मोजमापाचं कार्ड ठणठणीत आहे, पण नव्या मदरबोर्डवर ते बसवायला जागाच नाही. पतसंस्थेच्या कपाटात डॉसवर मराठी दाखवणारं जिस्ट कार्ड आणि अनेक वर्षांच्या मराठी नोंदी पडून आहेत, त्या उघडायच्या कशा हे कुणालाच ठाऊक नाही. कुणाला आपलं जुनं साउंड ब्लास्टर पुन्हा ऐकायचं आहे. आणि "ॲडॅप्टर मिळेल का?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो.

ॲडॅप्टर मिळतात, पण प्रश्न तिथून सुरू करू नका. अशी कार्डं पुन्हा चालती करताना मला पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी, की कार्ड सहसा मरत नाही, ते एकटं पडतं. ड्रायव्हरची फ्लॉपी हरवते, जम्पर कोणत्या घरात होता ते विसरायला होतं, जिच्यावर सगळं नीट बसवलेलं होतं ती हार्ड डिस्क जाते आणि केबल भंगारात निघते. ड्रायव्हर, जम्पर, केबल, डिस्क, डोंगल, माहितीपुस्तिका हा कार्डाचा गोतावळा आहे. तो शाबूत असेल तर कार्डासाठी जागा शोधता येते. तो गेला, तर हातात चांगलं कार्ड असूनही उपयोग नसतो.

पहिला निर्णय: नेमकं काय वाचवायचं आहे?

पुढचा सगळा खर्च आणि खटाटोप या एका उत्तरावर ठरतो. म्हणून आधी कागदावर एका वाक्यात लिहून काढा.

- माहिती वाचवायची आहे. जुन्या नोंदी, हिशेब, मजकूर हवा आहे. अशा वेळी बहुधा कार्डाची गरजच नसते. हार्ड डिस्कची प्रत आणि योग्य रूपांतर एवढ्यावर काम भागतं.
- काम वाचवायचं आहे. यंत्र चाललं पाहिजे, वजनकाट्याचा आकडा संगणकात आला पाहिजे. तेच काम करणारं नवं कार्ड किंवा यूएसबी उपकरण मिळत असेल तर जुन्याचा हट्ट धरू नका.
- कार्डच वाचवायचं आहे. ते त्या यंत्रासाठीच बनवलेलं आहे, बनवणारी कंपनी आता नाही, किंवा तुमचा त्याच्यावर जीव आहे. पुढचे पर्याय मुख्यतः तुमच्यासाठी आहेत.

कार्डाची जात ओळखा

कार्ड उजेडात धरा आणि खालच्या सोनेरी पट्ट्यांकडे पाहा.

- आठ बिटांचं आयएसए: १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर आलं. दोन्ही बाजू मिळून ६२ पट्ट्या, आणि बहुधा काळा, लांब स्लॉट.
- सोळा बिटांचं आयएसए: १९८४च्या पीसी/एटीबरोबर आलं. पहिल्या भागामागे आणखी ३६ पट्ट्यांचा दुसरा तुकडा दिसतो.
- पीसीआय: १९९२पासून. स्लॉट आखूड आणि बहुधा पांढरा. खाच मागच्या लोखंडी पट्टीपासून लांब असेल तर कार्ड ५ व्होल्टचं, पट्टीजवळ असेल तर ३.३ व्होल्टचं आणि दोन्हीकडे असेल तर दोन्हींवर चालणारं. घरगुती संगणकातले स्लॉट बहुतेक ५ व्होल्टचे असतात.
- एजीपी: १९९७च्या सुमारास बाजारात आलं, फक्त ग्राफिक्ससाठी. नव्या बोर्डांवर याला जागा नाही. एजीपी कार्डासाठी त्या काळचा बोर्डच सांभाळा.
- पीसीआय एक्सप्रेस: मानक २००२-०३चं. हे आजही चालतं. लहान कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये निर्धास्त बसवा. इथे अडचण आली तर ती बहुधा ड्रायव्हरची असते.

नाव पुसलेलं असेल तर कार्डावर छापलेला एफसीसी क्रमांक आणि सगळ्यात मोठ्या आयसीवरची अक्षरं टिपून घ्या. पीसीआय कार्ड असेल तर ते लिनक्सच्या पेनड्राइव्हवर सुरू केलेल्या संगणकात लावा. प्रत्येक पीसीआय कार्ड स्वतःचे दोन क्रमांक सांगतं, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. उदाहरणार्थ ८०८६ म्हणजे इंटेल. या दोन क्रमांकांवरून ड्रायव्हर शोधणं सोपं जातं. जुनी आयएसए कार्डं असं काही सांगत नाहीत; त्यांच्या बाबतीत तुमची नोंदच कामाला येते.

स्क्रू काढण्याआधी

संगणक अजून सुरू होत असेल तर ही कामं आजच करा. उद्या तो सुरू होईलच असं नाही.

1. कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. जम्पर आणि बारीक स्विच स्पष्ट दिसले पाहिजेत. कोणतं कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये होतं आणि रिबन केबलची लाल कड कोणत्या बाजूला होती, तेही टिपा.
2. बायोसच्या सगळ्या पडद्यांचे फोटो घ्या. हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर हे तीन आकडे तर नक्कीच.
3. कार्डाचा पत्ता, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) आणि डीएमए (थेट मेमरीशी देवाणघेवाणीची वाट) लिहून ठेवा. साउंड ब्लास्टरसाठी बहुधा पत्ता २२०, आयआरक्यू ५ किंवा ७ आणि डीएमए १ असतो. डॉस असेल तर कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या दोन फाइलींचा छापील कागद काढा.
4. हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत, म्हणजे इमेज, काढा. लिनक्समधला डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम खराब सेक्टर बाजूला ठेवून आधी चांगला भाग वाचून घेतो. दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. नव्वदीच्या सुरुवातीच्या अगदी लहान डिस्क यूएसबीच्या जोडणीवर ओळखल्या जात नाहीत. त्या जुन्या संगणकातच ठेवून फाइली बाहेर काढा.
5. फ्लॉपींच्याही इमेज घ्या. साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर वाचता येते. सव्वापाच इंचीसाठी खरा ड्राइव्ह आणि ग्रीसवीझलसारखं वाचनयंत्र लागतं. वाचण्यापूर्वी फ्लॉपीवर बुरशी आहे का ते पाहा. बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हचं हेडही खराब करते.
6. पॅरलल पोर्टला लावलेलं डोंगल, केबल आणि माहितीपुस्तिका एकाच डब्यात ठेवा. डोंगल हरवलं तर प्रोग्राम शाबूत असूनही उघडत नाही.

सफाई आणि पहिली तपासणी

"कार्ड गेलं" म्हणून माझ्याकडे आलेल्या कार्डांपैकी बरीच फक्त कळकलेली होती. कोकणातली खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांनी सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो, पायांवर हिरवा कळंक येतो आणि संपर्क तुटतो.

- संगणकाची मुख्य वायर भिंतीतून काढा. एटीएक्स संगणक बंद दिसला तरी बोर्डावर ५ व्होल्ट सुरूच असतात.
- कार्ड कडेने धरा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा किंवा मनगटी पट्टा वापरा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत ही काळजी जास्त घ्या.
- पट्ट्यांवरून मऊ पांढरं खोडरबर एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. सॅन्डपेपर लावू नका. सोन्याचा मुलामा निघून जातो आणि परत येत नाही.
- बोर्डावरची बॅटरी पाहा. निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली नळकांड्यासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी फुटून झरते आणि खालच्या तांब्याच्या रेषा खाते. ती झरली नसली तरी कापून काढा. झरलेल्या जागी आधी पातळ व्हिनेगर लावा, मग शुद्ध पाणी, मग अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या.
- फुगलेले किंवा तळाशी ओले दिसणारे कपॅसिटर बदला. थेंबाच्या आकाराचे पिवळे टँटलम कपॅसिटर अनेकदा बाहेरून चांगले दिसतात आणि आत शॉर्ट झालेले असतात.

ही शेवटची शंका मल्टिमीटरने फेडता येते. आयएसए कार्ड असं धरा की सोल्डरची बाजू तुमच्याकडे राहील. लोखंडी पट्टीकडून मोजायला सुरुवात करा. पहिली पट्टी ग्राउंड, तिसरी +५ व्होल्ट, पाचवी −५, सातवी −१२ आणि नववी +१२. मीटरचं एक टोक पहिल्या पट्टीवर ठेवा आणि दुसरं आळीपाळीने या चारही पट्ट्यांवर टेकवा. कुठे सलग बीप वाजली, म्हणजे रोध शून्याजवळ आला, तर ते कार्ड स्लॉटमध्ये लावू नका. दोन मिनिटांची ही तपासणी मदरबोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही वाचवते.

कार्ड चालवण्याचे पर्याय

१. जुना संगणकच धडधाकट ठेवणे. आयएसए कार्डासाठी हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि त्याचं आयडीई ॲडॅप्टर लावा. मात्र जुन्या बायोसच्या मर्यादा पाळा: काही ५०४ एमबीच्या पुढे पाहत नाहीत, काही ८.४ जीबीच्या पुढे. डॉसचं एक पार्टिशन २ जीबीपर्यंतच ठेवा. बोर्डच बदलायचा असेल तर इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड शोधा. १९९८च्या या पिढीच्या अनेक बोर्डांवर आयएसए, पीसीआय आणि एजीपी असे तिन्ही स्लॉट एकत्र मिळतात.

२. औद्योगिक बोर्ड. आयएसए स्लॉट असलेले औद्योगिक संगणक घरगुती बाजारातून आयएसए गेल्यावरही बनत राहिले. कारखान्यासाठी हा पर्याय महाग असला तरी टिकाऊ आहे. विकत घेण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न लेखी विचारा: या आयएसए स्लॉटवर डीएमए पूर्ण चालतं का? अशा बोर्डांवर आयएसए बहुधा ब्रिज चिपमार्फत येतं आणि तिथे डीएमए अपुरं असू शकतं. नुसत्या इनपुट-आउटपुटच्या कार्डाला त्याने फरक पडत नाही. साउंड कार्ड आणि वेगाने नमुने घेणारी मोजमापाची कार्डं मात्र अडून बसतात.

३. पीसीआय कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेस ॲडॅप्टर. इंटेलच्या घरगुती चिपसेटमधून २०११पासून पीसीआय कमी होत गेलं. त्यानंतरच्या बोर्डावर पांढरा स्लॉट दिसला तरी तो बहुधा ब्रिज चिपवर चालतो. ॲडॅप्टरमध्येही तशीच चिप असते आणि नेटवर्क, सीरियल, साउंड अशी बहुतेक कार्डं त्यावर चालतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये ३.३ आणि १२ व्होल्ट असतात, ५ व्होल्ट नसतात. म्हणून ॲडॅप्टरला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडण्याची सोय आहे का ते पाहा. तुमच्या कार्डाला −१२ व्होल्ट लागत असतील तर ॲडॅप्टर ते देतो का, हेही आधी विचारा.

४. नव्या बोर्डावर आयएसए. अलीकडे हौशी तंत्रज्ञांनी एक वाट काढली आहे. अनेक बोर्डांवर टीपीएम मोड्यूलसाठी पिनांचा छोटा जोड असतो. त्यामागे एलपीसी नावाचा बस असतो आणि तो मुळात आयएसएचाच अवतार आहे. डिसअपॉइंटमेंट नावाचं ॲडॅप्टर याच जोडावरून आयएसए स्लॉट काढून देतं. पण अगदी नव्या बोर्डांवर हा जोड वेगळ्या जातीचा असतो, आणि डीएमएसाठी लागणारी रेष कधी बोर्डावरून सोल्डर करून आणावी लागते. छंद म्हणून जरूर करून पाहा. कारखान्याचं रोजचं काम यावर टाकू नका.

५. कार्डाऐवजी तेच काम करणारी नवी वस्तू. सीरियल पोर्टसाठी यूएसबी केबल बहुतेक ठिकाणी चालते. पॅरलल पोर्टचं तसं नाही. यूएसबीवरून निघणारी पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी असते. डोंगल, ईप्रॉम प्रोग्रॅमर आणि यंत्रनियंत्रण यांना थेट ३७८ या पत्त्यावरचा पोर्ट हवा असतो. तिथे बोर्डावरचा किंवा पीसीआय कार्डावरचा खरा पोर्टच घ्या, आणि पत्ता बदलायची सोय प्रोग्राममध्ये आहे का ते पाहा.

६. कार्डाशिवाय. जुना प्रोग्राम फक्त उघडायचा असेल तर डॉसबॉक्स किंवा ८६बॉक्स यांवर तो चालतो. ८६बॉक्समध्ये अख्खा जुना संगणक सॉफ्टवेअरने उभा राहतो, साउंड ब्लास्टरसकट. बाहेरच्या यंत्राला वायर जोडायची असेल तर मात्र हा पर्याय नाही.

विंडोज की लिनक्स?

- डॉस आणि विंडोज ९८मध्ये प्रोग्राम थेट कार्डाशी बोलू शकतो. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीपासून मधे ड्रायव्हर लागतो. डॉसचा प्रोग्राम एक्सपीवर उघडला पण कार्ड ओळखत नाही, याचं कारण बहुधा हेच.
- ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही, कितीही वेळा बसवून पाहिला तरी. विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येतं.
- लिनक्समध्ये पुष्कळ जुन्या पीसीआय कार्डांचे ड्रायव्हर आजही आहेत. रियलटेक ८१३९चं नेटवर्क कार्ड कोणतीही सीडी न लावता सुरू होतं.
- विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुनी प्रणाली ठेवावीच लागली तर तो संगणक इंटरनेटला जोडू नका. फाइलींची ने-आण तपासलेल्या पेनड्राइव्हने किंवा फ्लॅश कार्डाने करा.

जिस्ट कार्ड: नोंदी कार्डाशिवाय उघडतात

महाराष्ट्रातल्या वाचकांचे सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचे प्रश्न या कार्डाबद्दल असतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. जिस्ट तंत्राची सुरुवात आयआयटी कानपूरमध्ये झाली. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथे वाढलं. हे आयएसए कार्ड लावलं की डॉसच्या साध्या पडद्यावर देवनागरी दिसायची, आणि डीबेससारख्या इंग्रजीसाठी बनलेल्या प्रोग्राममध्ये मराठी नावं भरता यायची. ज्यांनी तेव्हा पहिल्यांदा आपल्या गावाचं नाव पडद्यावर मराठीत पाहिलं, त्यांना ते कार्ड फेकवत नाही, आणि फेकूही नये.

पण नोंदी वाचवायला कार्ड लागत नाही. जिस्टमधली अक्षरं इस्की या संकेतात साठवलेली असतात. त्याचं भारतीय मानक १९९१चं आहे. त्यात प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला एकेक बाइट असतो. "क"चा क्रमांक १७९ आणि काना २१८. कार्ड नसलेल्या डॉसच्या संगणकात याच दोन क्रमांकांवर चौकटी आखायच्या खुणा येतात: उभी रेघ आणि कोपरा. म्हणून "काका" हा शब्द तिथे रेघ, कोपरा, रेघ, कोपरा असा दिसतो. एका पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांनी अशीच रेघारेघांची फाइल पाहून "सगळा डेटा करप्ट झाला" असं मानलं होतं. डिस्क पुसायला निघाले होते. त्या रेघांमध्ये प्रत्येक सभासदाचं नाव अक्षरशः शाबूत होतं.

अशा फाइली युनिकोडमध्ये आणताना हा क्रम पाळा:

1. मूळ फाइलीला हात लावू नका. कामासाठी प्रत घ्या.
2. डीबेसच्या फाइलीत थेट रूपांतर करू नका. तिथे प्रत्येक रकान्याची लांबी ठरलेली असते. इस्कीत एका बाइटचं अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं होतं, आणि लांब नावं मधेच तुटतात. आधी बाइट जसेच्या तसे ठेवून साध्या मजकुराची फाइल काढा, मग रूपांतर करा.
3. रूपांतरासाठी विंडोजमध्ये देवनागरी इस्कीचं कोडपेज ५७००२ आहे. आयसीयू या मुक्त संचातही इस्कीची सोय आहे.
4. नंतर डोळ्यांनी तपासा. "दुसऱ्या", "कऱ्हाड", "तऱ्हा" असे शब्द, जोडाक्षरं आणि नुक्ते इथे चुका सापडतात. किमान शंभर नोंदी जुन्या छापील कागदाशी ताडून पाहा.
5. फाइल उघडल्यावर अक्षरं देवनागरीऐवजी भलतीच आली, तर ती कदाचित इस्की नसून एखाद्या जुन्या फॉन्टच्या संकेतातली असेल. तिला त्या फॉन्टसाठीचा वेगळा रूपांतरक लागतो.

हमखास होणाऱ्या चुका

- −५ व्होल्ट विसरणे. साधारण २००३नंतरच्या एसएमपीएसमध्ये हा पुरवठा नसतो. मोठ्या जोडात पांढरी तार नसेल तर −५ नाही असं समजा. काही जुन्या साउंड आणि मोजमापाच्या कार्डांना तो लागतो. −१२ व्होल्टवरून ७९०५ या आयसीने तो काढता येतो. जाणकाराकडून करून घ्या.
- एटी संगणकाचे दोन जोड उलटे लावणे. पी८ आणि पी९ लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलटे लागले तर बोर्ड जळतो.
- वेगवान संगणकावर जुना प्रोग्राम. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक प्रोग्राम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे "रनटाइम एरर २००" दाखवून बंद पडतात. कार्ड खराब नसतं, प्रोसेसर जास्त वेगवान असतो. यासाठी दुरुस्तीचे छोटे प्रोग्राम उपलब्ध आहेत.
- नुसतं यूईएफआय असलेला बोर्ड. स्कझी किंवा ग्राफिक्स कार्डावरची जुनी रॉम चालण्यासाठी बायोसची जुनी पद्धत लागते. त्यासाठीचा सीएसएम हा पर्याय बोर्डात आहे का ते घेण्याआधी पाहा.
- यंत्र जोडलेलं ठेवून पहिली चाचणी. एका कार्डाचे जम्पर पुसून परत बसवताना माझ्याकडून एक घर चुकलं. संगणक सुरू होताच यंत्राचा अक्ष उलट दिशेने सरकला. जवळ कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून मोटारींचा वीजपुरवठा बंद केल्याशिवाय मी एकही चाचणी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

खरेदी आणि तुमचे हक्क

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात जुन्या मालाची चौकशी करता येते. जाताना कार्डाचा फोटो सोबत न्या. घेताना आणि घेतल्यावर एवढं ध्यानात असू द्या:

- बिलावर "चालू स्थितीत" किंवा "न तपासलेलं" यांपैकी काय ते लिहून घ्या. परत करण्याची मुदतही लिहून घ्या.
- "चालू" म्हणून विकलेली वस्तू सदोष निघाली तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा सहसा लागू होत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर होतो.
- ड्रायव्हरच्या किंवा प्रोग्रामच्या फ्लॉपीची प्रत काढायला वाचक घाबरतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७च्या कलम ५२नुसार, कायदेशीरपणे तुमच्याकडे असलेल्या प्रोग्रामची प्रत तो हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून, त्याच कामासाठी, काढता येते. ती इतरांना वाटता मात्र येत नाही.
- यंत्राच्या देखभालीचा वार्षिक करार करताना जम्परच्या नोंदी, ड्रायव्हर आणि डिस्कची इमेज तुमच्या ताब्यात राहील असं करारातच लिहा. तंत्रज्ञ बदलला की हीच कागदपत्रं कामी येतात.
- टाकून द्यायची वेळ आली तर ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ पाहा. मोठ्या कार्यालयांनी असा माल नोंदणीकृत उत्पादकाकडे, नूतनीकरण करणाऱ्याकडे किंवा पुनर्चक्रकाकडेच द्यायचा असतो. डिस्क आधी काढून घ्या. सरकारी नोंदी असतील तर अभिलेखांच्या नियमांनुसार परवानगी मिळेपर्यंत काहीही पुसू नका.

ठेवण कशी असावी

कार्ड वर्तमानपत्रात किंवा साध्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. अँटिस्टॅटिक पिशवी वापरा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्याआधी त्या बदला. संगणक तसाच ठेवत असाल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा तासभर सुरू करा आणि डब्याबरोबर तारखेची छोटी वही ठेवा.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. एक पाकीट घ्या आणि त्यावर पेनाने लिहा: हे कार्ड कशाचं आहे, कोणत्या संगणकात चालत होतं, पत्ता, आयआरक्यू आणि डीएमए किती, ड्रायव्हर कुठे आहे, शेवटचं कधी चालवून पाहिलं. आत जम्परचा छापील फोटो आणि फ्लॉपीच्या इमेजचा पेनड्राइव्ह घाला. मग ते पाकीट कार्डाच्याच डब्यात ठेवा. वीस वर्षांनी तो डबा दुसरं कुणी उघडेल. तेव्हा तुम्ही तिथे नसाल, आणि त्या माणसाला विचारायला ते पाकीटच असेल.